अर्जावरचा पत्ता

कुंपणांवर पुन्हा चेहरे लागले आहेत. गेल्या शनिवारपर्यंत रेसकोर्सच्या कडेचं कुंपण रिकामं होतं, आता तिथे ओळीने सात जण हसताहेत. लाकडी चौकटीत ठोकलेले, आपापल्या आश्वासनासकट. त्यातला एक परवाच्या वाऱ्याने पालथा पडला आणि अजून कुणी त्याला उचललेलं नाही. ऑकलंडच्या या अवोन्डेल उपनगरातला सप्टेंबरचा वारा असाच, दर पाच मिनिटांनी मत बदलणारा. दोरीवरची चादर शेजाऱ्याच्या लिंबावर नेऊन टाकतो. याला इथे वसंत म्हणतात. कोवईची झाडं पिवळी होतात, तुई पक्षी त्यांच्यावर उलटे लटकून भांडतात, आणि दर तीन वर्षांनी या भांडणात कौन्सिलच्या निवडणुकीची भर पडते.

मला हा मोसम सोसत नाही. बाकीच्या दोन वसंतांत मी बरी असते, पण निवडणुकीचा वसंत आला की माझं बूड एका जागी टेकत नाही. फोडणीत मोहरीच्या आधी हळद जाते. ऑफिसात एकच टेस्ट तीनदा चालवते आणि तिन्ही वेळा निकाल वाचायला विसरते. मुलगी, ईरा, आता बारा वर्षांची आहे, माझ्याकडे न बघताच म्हणते, “आई, यू आर डूइंग द थिंग अगेन.” काय करतेय मी, असं विचारलं तर खांदे उडवते. मी खिडक्या लावते, उघडते, पुन्हा लावते.

पाकीटही आलं आहे. मतपत्रिकांचं जाडसर पाकीट, वर माझं नाव, खाली याच घराचा पत्ता. घर, रस्ता, अवोन्डेल. त्या तीन ओळी मी हातात धरून बराच वेळ उभी होते. तीन वर्षांपूर्वी या तीन ओळी जिथे असायला हव्या होत्या तिथे नव्हत्या, आणि त्याचं कारण मी होते.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सोळा साली, मी या भागात नवी होते. त्याआधीची पाच वर्षं शहराच्या उत्तर टोकाला, अल्बनीत गेली. तिथे घर नवं, गराज दोन गाड्यांचं, मॉल चार मिनिटांवर. तिथून मी फेब्रुवारीत निघाले ते दोन बॅगा, प्रेशर कुकर आणि निम्म्या आठवड्यापुरती ईरा घेऊन. नवऱ्याचं, सुधीरचं, आणि माझं काय बिनसलं, हे लिहायला बसले तर दोन ओळींतच संपेल. भांडण नव्हतं, तिसरं माणूस नव्हतं. एका घरात राहून एकमेकांना टाळण्यात आम्ही दोघं इतके तरबेज झालो होतो की शेवटी घराचीच गरज उरली नाही. पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पुण्यात आईला नाही, ऑफिसात नाही, आणि गणपतीत भेटणाऱ्या मराठी मंडळींना तर नाहीच नाही. कुणी विचारलंच तर उत्तर पाठ होतं: अल्बनीच्या घराचं काम काढलंय, तात्पुरती इकडे आहे, इथून ईस्ट टामाकीला ऑफिसही जवळ पडतं.

बँकेची पत्रं, दाताच्या डॉक्टरचं बोलावणं, गाडीचे कागद, सगळं अल्बनीलाच जात राहिलं. सुधीर त्याचा गठ्ठा करून एक आड एक शुक्रवारी ईराच्या दप्तरातून पाठवायचा. रबरबँड लावलेला, नीट. पत्ता बदलायचे फॉर्म मी भरत नव्हते. आळस म्हणा हवं तर, पण आळस नव्हता तो. पत्ता बदलला की झालेली गोष्ट झाली असं ठरतं, आणि मला ते ठरवायचं नव्हतं.

अशा दिवसांत नोई भेटली. रविवारी सकाळी सहा-सातपासून रेसकोर्सवर बाजार भरतो, तिथे. त्या मार्चमधल्या एका रविवारी मी कढीपत्ता शोधत फिरत होते आणि एका टेबलापाशी रांग दिसली. टेबलावर गवती चहाच्या पेंढ्या, कोथिंबिरीच्या मुळांसकट जुड्या, तिखट बोटभर मिरच्या. पण रांगेतल्या माणसांच्या हातात पिशव्या नव्हत्या, कागद होते. टेबलामागे पंचेचाळिशीची ठेंगणी बाई, अंगात पुरुषी रेनकोट, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. ती एकेकाचा कागद घ्यायची, वाचायची, आणि हाताने कोथिंबिरीची जुडी बांधता बांधता त्याला सांगायची की यात काय लिहिलं आहे. घरमालकाची नोटीस, नोकरीचा करार, इमिग्रेशनचं पत्र. एका फिजीयन बाईला तिने सांगितलं, “हा तुम्हाला घर सोडा म्हणत नाही. घाबरवतो आहे. याला असंच दोन ओळींत उत्तर द्या, तारीख घाला, प्रत ठेवा.” बाई निघाली तशी तिच्या हातात मिरच्या कोंबल्या.

माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, माझ्याकडे कागद नाही, मला कोथिंबीर हवी आहे. ती हसली.

“तुम्ही वकील आहात?”

“इथे नाही. इथे मी भाजी विकते. दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवणं गुन्हा नाही. मी कायदा बघून ठेवला आहे.”

आमचं बोलणं इंग्रजीतूनच व्हायचं. तिचं तुटक, एकेक वाक्य ठेवल्यासारखं. माझं पुणेरी आणि धावतं. पण दोन-चार रविवारांत मी तिला नोईताई म्हणायला लागले आणि तिने विचारलं याचा अर्थ काय. सांगितल्यावर म्हणाली, आमच्यातही असंच असतं, मोठीला नावाने हाक मारत नाहीत. मला ते फार बरं वाटलं. ऑकलंडमध्ये सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, आणि मधूनमधून मला कुणालातरी ताई म्हणायची भूक लागते.

ती थायलंडच्या ईशान्येकडची, भाताच्या मुलखातली. बँकॉकला कायदा शिकली आणि शिकून परत आपल्या जिल्ह्यात गेली, जे तिच्या वर्गातल्या कुणी केलं नाही. तिथे एका दगडखाणीविरुद्ध पाच गावांचा खटला तिने कितीतरी वर्षं चालवला. फी म्हणून तांदूळ मिळायचा. एके दिवशी सकाळी तिच्या स्कूटरच्या सीटवर कुणीतरी एक काडतूस ठेवून गेलं, उभं, मेणबत्ती ठेवावी तसं. तिने ते उचलून टेबलाच्या खणात टाकलं आणि कोर्टात गेली. दुसऱ्यांदा काडतूस आईच्या उशाशी सापडलं. तेव्हा मात्र ती बहिणीकडे ऑकलंडला आली, सहा महिन्यांसाठी. त्या सहा महिन्यांना मी भेटले तेव्हा अकरा वर्षं झाली होती. इथलं नागरिकत्व मिळालं, बहीण वारली, इथल्या वकिलीच्या परीक्षा दोन पेपर देऊन राहिल्या.

“इथे मी सुखी आहे,” ती म्हणायची, आणि ते खरं होतं. इतक्या ठामपणे हे म्हणणारं दुसरं माणूस मला या देशात भेटलेलं नाही. आम्ही बाकीचे सगळे घरांच्या किमती, शाळांचे झोन आणि तिकिटांचे दर यांवर बोलत राहतो. सुखाबद्दल विचारलं तर हवा चांगली आहे म्हणतो.

निवडणुकीला तिने उभं राहावं, ही कल्पना सिओनेंची. सिओने म्हणजे शेजारच्या टेबलावर तारोची कंदमुळं विकणारे टोंगन आजोबा. जूनमधल्या एका पावसाळी रविवारी तिच्या टेबलासमोरची रांग भिजत उभी होती, कागद जॅकेटच्या आत धरून. सिओने म्हणाले, “तू लोकल बोर्डात जा. तिथे जाऊन एक खोली माग. कोरडी.” लोकल बोर्ड म्हणजे आपल्याकडच्या प्रभाग समितीसारखं काहीतरी. बागा, हॉल, वाचनालय, असल्या गोष्टी त्यांच्या हातात असतात.

नोई आधी हसली, आणि दोन आठवड्यांनी एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात येऊन तिने चहाच्या कपाशेजारी एक कागद ठेवला. तिचा जाहीरनामा. हॉलच्या मागच्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस एक टेबल, दोन खुर्च्या, एक हीटर, आणि पत्र वाचून दाखवणारं कुणीतरी. बाकी काही नाही. मी म्हटलं, रस्ते, झाडं, कचरा यांवर काही लिही. ती म्हणाली, “त्याबद्दल सगळे लिहितील. माझं एवढंच आहे.” खाणीविरुद्ध लढलेली बाई एका हीटरसाठी निवडणूक लढवायला निघाली होती, आणि मी पाहिलं की तिचे कान लाल झाले आहेत. तिला हे फार हवं होतं.

अर्जाला त्या भागातल्या दोन मतदारांच्या सह्या लागतात. सिओनेंची एक. दुसरी तिने माझ्याकडे मागितली.

“तू इथली मतदार आहेस ना?”

“म्हणजे काय,” मी म्हटलं.

मी खोटं बोलतेय असं मला त्या क्षणी वाटलं नाही, हे शपथेवर सांगते. कायम रहिवासी म्हणून माझं नाव मतदारयादीत होतं. ऑकलंडमध्ये होतं. अवोन्डेलमध्ये नव्हतं, अल्बनीत होतं, पण हा विचार माझ्या मनाने अर्धा करून सोडून दिला. माझं मन त्या वर्षी बरेच विचार अर्धे करून सोडत होतं. मी नाव लिहिलं, अवोन्डेलचा पत्ता लिहिला, झोकात सही केली. आमच्या घरात आजवर कुणी कुणाच्या उमेदवारी अर्जावर सही केलेली नव्हती. मला मोठी झाल्यासारखं वाटलं.

अर्ज त्याच आठवड्यात देऊन टाकता आला असता. पण रविवारी आईचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी उत्साहाने सांगून बसले.

“सही तू करतेयस म्हणजे सुधीररावांना विचारलंस ना?” आईचा पहिला प्रश्न.

“त्यात काय विचारायचं.”

“बरं. मग निदान दिवस तरी बघून द्या. इतक्या चांगल्या कामाला निघालीय बिचारी. थांब, पंचांग घेते.”

आणि आईने शेवटच्या तारखेचा शुक्रवार काढला, अकरा ते बारा. मी ते गंमत म्हणून नोईला सांगितलं. मला वाटलं ती हसेल, पण ती गंभीर झाली. त्यांच्यातही दिवस पाहतात, आणि नऊ हा आकडा त्यांच्याकडे शुभ. म्हणून ठरलं: शुक्रवारी अकरा वाजून नऊ मिनिटांनी. अर्ज घ्यायची मुदत त्याच दिवशी दुपारी बारापर्यंत होती. एक खटले लढवलेली वकील आणि एक सॉफ्टवेअर तपासून पोट भरणारी बाई, दोघी एका टेबलाशी बसून हे ठरवत होतो आणि एकीच्याही मनात आलं नाही की काम शेवटच्या तासावर टाकू नये. बरं, पुण्याच्या पंचांगातले अकरा इथे संध्याकाळचे साडेपाच होतात. दिवसभर टाइमझोनच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो.

त्या शुक्रवारी पाऊस आडवा पडत होता. कौन्सिलचं ऑफिस अवोन्डेलपासून वीस मिनिटांवर. मी रजा घेतली होती. नोईने गडद निळा सूट घातला होता, तिच्या कोर्टाच्या दिवसांतला, खांद्याला थोडा सैल. गाडीत तिने गळ्यातल्या चष्म्याची दोरी काढून खिशात ठेवली आणि मला विचारलं, “बरी दिसते?” मी म्हटलं, खासदार दिसतेस. गाडी लावायला जागा मिळेना, तरी अकरा वाजून नऊ मिनिटांनी बरोबर आम्ही काउंटरवर होतो. तिने कागद दोन्ही हातांनी दिला, देवाला फूल वाहावं तसा.

काउंटरवरची बाई पिकल्या केसांची, लोकरी कार्डिगन घातलेली. तिने “किआ ओरा,” असा इथला नमस्कार केला, पाऊस कसला आहे म्हणाली, आणि नावं कॉम्प्युटरवर तपासायला लागली. उमेदवार ठीक. सिओने ठीक. मग तिने माझं आडनाव एका बोटाने टाइप केलं, थांबली, पुन्हा केलं.

“हे नाव या भागाच्या यादीत दिसत नाही.”

तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. मी घड्याळाकडे पाहिलं, मला नीट आठवतं. आणि मला त्याच क्षणी सगळं समजलं. अर्धा सोडलेला विचार आपणहून पुरा झाला. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की हो, माझं नाव दुसऱ्या पत्त्यावर आहे, आम्ही दुसरी सही आणतो. चाळीस मिनिटं हातात होती.

मी म्हटलं, “पुन्हा बघा. स्पेलिंगमध्ये गोंधळ होतो आमच्या नावांच्या.”

तिने पुन्हा पाहिलं. मी म्हटलं, आडनाव आधी टाकून बघा. म्हटलं, मधलं नाव वगळून बघा. म्हटलं, मी याच क्षेत्रातली आहे, डेटा मागाहून अपडेट होतो, तुमच्या सिस्टिममध्ये जुनी प्रत असणार. किती छान, किती आत्मविश्वासाने बोलत होते मी. शेजारी नोई उभी होती आणि माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून मान हलवत होती. ती बाईला म्हणालीसुद्धा, “ही एक्सपर्ट आहे.” बाई बिचारी फोन करायला आत गेली. मी उभ्या जागी पाय बदलत राहिले. नोईने पर्समधून खोकल्याची गोळी काढून मला दिली. ती मी चघळली.

अकरा एकेचाळीसला बाई बाहेर आली. अगदी हळू आवाजात, मला लाज वाटू नये अशा बेताने म्हणाली, “तुमचं नाव आहे. अल्बनीच्या पत्त्यावर आहे. तुम्ही तिथे राहता का?”

“मी नवऱ्यापासून वेगळी राहते,” मी म्हटलं. “फेब्रुवारीपासून.”

सहा महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं, तेही इंग्रजीत, एका अनोळखी बाईसमोर, ओला रेनकोट हातात धरून. आईच्या आधी तिला कळलं. तिने “आय ॲम सॉरी” म्हटलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

नोईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने फोन काढला आणि सिओनेंच्या बायकोला, सेलाला, लावला. सेला घरी होती, मतदार होती, गाडी नव्हती. “कुणाचीही गाडी घे. आत्ता,” नोई म्हणाली. मग आम्ही दोघी काचेच्या दरवाजापाशी उभ्या राहिलो. मी तिला म्हटलं, नोईताई, ऐक ना. ती म्हणाली, “आता नको.” बारा वाजले. तो काही मोठा आवाज वगैरे झाला नाही, काउंटरवरच्या बाईने फक्त एक ट्रे उचलून आत नेला.

सेला बारा वाजून चार मिनिटांनी आली. शेजाऱ्याच्या व्हॅनमधून उतरून पावसातून धावत, पायात जँडल्स म्हणजे साध्या रबरी चपला, केसांना रोलर तसेच. हसत आली ती, वेळेवर पोचले असं समजून. नोईने तिला मिठी मारली आणि सेला तिच्या खांद्यावरून माझ्याकडे प्रश्नार्थक बघत राहिली. अजूनही रविवारी बाजारात सेला दिसली की मी रांगेच्या पलीकडून जाते.

परतताना गाडीत, घर जवळ आल्यावर, नोई बोलली. “माझ्याकडे कागद घेऊन येणारा प्रत्येक माणूस आधी खोटं सांगतो. मी थांबते. दुसऱ्यांदा विचारते, तेव्हा खरं येतं. धंद्याची सवय आहे. तुला मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण तू माझी अशील नव्हतीस.” एवढं बोलून ती उतरली. शिव्या दिल्या असत्या तर मला निदान रडता आलं असतं.

पुढच्या रविवारी मी आईला फोनवर सगळं सांगितलं. आधी अर्जाचं, मग घराचं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, आईने उठून गॅस बंद केला. मग आई म्हणाली, “माझंच चुकलं गं. तिकडचं पंचांग बघायला हवं होतं.” घराबद्दल एक शब्द नाही. फोन ठेवता ठेवता मात्र म्हणाली, “नवा पत्ता मेसेज कर. दिवाळीचा फराळ कुठे पाठवायचा ते कळायला हवं.”

आणि मग तो वसंत सुरू झाला. चेहरे कुंपणावर चढले, नोईचा नव्हता. कोवई फुलली. मी रविवारी पहाटे जाऊन तिचं टेबल मांडायला लागले, जुड्या बांधायला लागले, न बोलावता. ती नको म्हणाली नाही. रांगेतल्या माणसांना सांगायची, “ही माझी मैत्रीण,” आणि मी हातातल्या जुडीची गाठ सोडून पुन्हा बांधायचे. त्या शुक्रवारचा विषय तिने काढला नाही. मी दर रविवारी ठरवून जायचे की आज बोलायचं, आणि दर रविवारी चिखलाचे बूट घेऊन परत यायचे. निवडून आलेल्या बोर्डाकडे तिने त्या खोलीसाठी अर्जही केला होता. हॉलच्या वेळापत्रकात बसत नाही असं सभ्य उत्तर आलं. ते पत्र तिने स्वतःच स्वतःला वाचून दाखवलं, मोठ्याने, कोथिंबीर बांधत. मी हसले आणि मग मला फार लाज वाटली.

पुढच्या वर्षाच्या अखेरीस ती परत गेली. खाणीच्या गावांतली लहान मुलं आता मोठी झाली होती, त्यांनी तिला बोलावलं होतं. त्यांच्या देशात बऱ्याच वर्षांनी निवडणूक होईल अशी हवा होती, आणि ते म्हणत होते तू उभी राहा. विमानतळावर तिच्याकडे एकच बॅग होती. मी विचारलं, परत येशील? तिने माझी कॉलर नीट केली आणि म्हणाली, “तिकडे माझं नाव यादीत बरोबर आहे, ते मी बघून घेतलं.” थट्टाच होती ती. मी सुरक्षा तपासणीच्या दारापाशी अर्धा तास उभी होते.

या मार्चमध्ये ती निवडून आली. खासदार झाली. फोनवर तिची क्लिप आली: उघड्या टेम्पोवर उभी, गळ्यात झेंडूच्या माळा, हातात माइक. एक शब्द कळत नव्हता तरी मी ती ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत पुन्हा पुन्हा पाहिली. ज्यांना ज्यांना मागची हकीकत माहीत होती, ते सगळे मला एकच म्हणाले. ईरा म्हणाली, “सो इट वर्क्ड आउट, आई.” आई म्हणाली, बघ, देवाच्या मनात तिला मोठं करायचं होतं. सुधीरसुद्धा, ज्याच्याशी मी आता बरं बोलते, फोनवर म्हणाला, “इथे लोकल बोर्डात बसून काय केलं असतं तिने? तू एक प्रकारे उपकारच केलेस.” मला ते पटलं. पटवून घेतलं. या वर्षी हिवाळाभर मला गाढ झोप लागली.

मग ऑगस्टमध्ये कळलं की खाणीच्या मालकाने तिच्यावर बदनामीचा फौजदारी खटला भरला आहे. प्रचारातल्या भाषणावरून, एक नाही, तीन. संसदेचं अधिवेशन चालू होतं तोवर तिला हात लावता येत नव्हता. ते गेल्या आठवड्यात संपलं.

काल संध्याकाळी, मतपत्रिकांचं ते पाकीट टेबलावर समोर ठेवून, मी तिला फोन लावला. ती बाजारात होती, मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. आम्ही हवापाण्याचं बोललो. ईराच्या उंचीचं बोललो. मग मी विचारलं. तीन वर्षं जिभेवर धरलेलं एका दमात विचारलं, की त्या शुक्रवारी मी अकरा वीसलाच खरं सांगितलं असतं, सेला वेळेत पोचली असती, तर तू इथे राहिली असतीस का?

मला उत्तर माहीत आहे असं मला वाटत होतं. ती म्हणेल, नाही गं, मला इकडे यायचंच होतं. तेवढंच ऐकायला मी फोन केला होता.

“राहिले असते,” नोई म्हणाली.

मग म्हणाली, “तुझ्यावर राग नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं. मला मोठं काही नको होतं. ते लहान होतं आणि सुरक्षित होतं, आणि मला तेच हवं होतं.” मग कुणाशी तरी थाईमध्ये बोलली, आणि म्हणाली की उद्या कोर्टात जायचं आहे, सूटला इस्त्री करायची राहिली आहे.

तो उद्या आज आहे. आज दुपारी कोर्ट ठरवणार आहे, तिला जामिनावर घरी सोडायचं की आत ठेवायचं. मी रजा टाकून घरी बसले आहे. बसले म्हणजे काय, खिडक्या लावते आहे, उघडते आहे. वारा आहेच. जे झालं ते तिच्या भल्याचं झालं, हे इतके दिवस मला झोपवणारं वाक्य आता माझ्याकडे नाही. त्याच्या जागी एकच हिशोब आहे आणि तो कुठूनही सोडवला तरी तसाच सुटतो. काउंटरवर मी ती वीस मिनिटं खोटं बोलले नसते, तर आज ती इथून चार गल्ल्या पलीकडे, दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवून, हीटरशेजारी बसून कुणाचं तरी पत्र वाचत असती.